डोंगरातले आणि पठारावरचे: विंध्याचा प्रागितिहास

नमस्कार मंडळी.

आपण इंदूरकर विंध्याच्या माथ्यावर राहतो, ही गोष्ट एरवी आपल्या ध्यानात येत नाही. शहर सपाट, शेतं सपाट, उज्जैनपर्यंत रस्ता सरळ. पण महूच्या पुढे जामघाटाला गेलं की पायाखालची जमीन एकदम संपते, आणि खोल खाली नर्मदेकाठचा निमाड पसरलेला दिसतो. तेव्हा उमगतं की आपण इतका वेळ डोंगरावरच होतो.

विंध्याची म्हणून जी गोष्ट आपल्या घरांत सांगतात ती अगस्त्य ऋषींची. मेरूशी स्पर्धा करत विंध्य वाढत सुटला, सूर्याची वाट अडली, देव घाबरले. मग अगस्त्य दक्षिणेकडे निघाले, विंध्य त्यांच्यापुढे वाकला आणि ते परत येईपर्यंत तसाच वाकून राहिला. गोष्ट मला फार आवडते. पण ती वाटसरूनं रचलेली गोष्ट आहे. ज्याला पलीकडे जायचंय त्याला डोंगर म्हणजे अडसर. आपल्या इतिहासातही विंध्य येतो तो ओलांडण्यापुरता: सातवाहन आले, राष्ट्रकूट आले, बाजीरावांच्या फौजा नर्मदा उतरून घाट चढून माळव्यात आल्या. डोंगर ओलांडणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ असतात. ज्यांनी तो कधी ओलांडला नाही, त्यातच जन्मले, जगले आणि त्याच खडकाच्या आडोशाला पुरले गेले, त्या माणसांबद्दल मी आज बोलणार आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. शाळेपासून आपल्या मनात एक शिडी असते. खालच्या पायरीवर गुहेतला शिकारी, वरच्या पायरीवर गावातला शेतकरी, त्याच्या वर शहर. शेती आली की शिकारी संपला, आणि जो संपला नाही तो मागे राहिला. विंध्यात जे उकरून निघालं आहे ते या शिडीत बसत नाही. इथे डोंगरातले शिकारी आणि पठारावरचे शेतकरी शेकडो वर्षं शेजारी होते, त्यांची देवघेव होती, आणि डोंगरातल्यांचं जगणं ही पुरती विचारपूर्वक चालवलेली राहणी होती.

त्याआधी खडकाबद्दल बोलायला हवं, कारण इथला सगळा प्रागितिहास खडकानं ठरवलेला आहे.

विंध्य म्हणून आपण एकच रांग म्हणतो, पण तिच्यात दोन अगदी वेगळे दगड आहेत. आपल्या बाजूचा, जामघाट, जानापाव, पाताळपाणी इथला दगड काळा, ज्वालामुखीचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यातून दख्खनचं पठार झालं. महाराष्ट्रातला सह्याद्री आणि आपला हा घाट एकाच रक्ताचे. या दगडाची झीज होऊन माळव्याची काळी माती झाली. पूर्वेकडे भोपाळ, रायसेन, सागर, रीवा, थेट मिर्झापूरपर्यंत, आणि वायव्येला चंबळेच्या काठानं मंदसौर-भानपुऱ्याकडे, खडक बदलतो. तो वालुकाश्म, तांबूस, थराथरांचा, शंभर कोटी वर्षांच्या आसपास वयाचा. त्याचे थर जवळजवळ आडवे आहेत. कुठला थर कठीण, कुठला मऊ. मऊ थर वारा-पावसानं आत खात जातो, वरचा कठीण थर छतासारखा पुढे राहतो. अशानं जो आडोसा तयार होतो त्याला आपण शैलाश्रय म्हणतो. खोल अंधारी गुहा क्वचितच. बहुतेक ठिकाणी एका बाजूनं उघडी, हवेशीर, पावसापासून सुरक्षित अशी ओसरीच असते.

मला नेहमी विचारतात, भीमबेटकासारखी चित्रं आपल्या महूच्या जंगलात का नाहीत? याचं उत्तर दगडात आहे. काळ्या दगडात अशा ओसऱ्या बनत नाहीत, आणि त्याच्या पृष्ठावर रंग टिकत नाही. वालुकाश्म सच्छिद्र असतो, गेरू त्याच्या अंगात मुरतो. पण निसर्गानं वाटणीत एक गंमत केली आहे. हत्यारासाठी लागणारा गुळगुळीत, काचेसारखा फुटणारा दगड, म्हणजे अकीक, चर्ट, कॅल्सेडनी, हा काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार होतो आणि नर्मदेच्या गोट्यांत वाहून येतो. राहायला वालुकाश्म, हत्याराला काळ्या पाषाणाच्या पोटातला दगड. दोन्ही हवे असतील तर माणसाला हिंडावंच लागणार, नाहीतर कुणाशी तरी देवघेव करावी लागणार. हा मुद्दा पुढे कामाला येईल.

आता शोधाची हकीकत. मिर्झापूरजवळच्या सोहागीघाटच्या टेकड्यांत १८६७-६८ साली आर्चिबाल्ड कार्लाइल या इंग्रज माणसानं खडकांवरची चित्रं पाहिली. त्याच आश्रयांत त्यांना बारीक दगडी पाती आणि घासलेले गेरूचे तुकडे मिळाले, आणि ही चित्रं फार जुनी असावीत हे त्यांच्या लक्षात आलं. स्पेनमधल्या आल्तामिराची चित्रं १८७९ साली नजरेस आली. म्हणजे जगात खडकचित्रांचं प्राचीनत्व ओळखण्याचा पहिला प्रसंग विंध्यात घडला. कार्लाइलनी त्यावर लिहून फारसं काही छापलं नाही, त्यांची टिपणं मागाहून इतरांनी प्रसिद्ध केली, आणि श्रेय युरोपकडे गेलं. मला याची हळहळ वाटते.

भीमबेटकाचं नाव १८८८ साली किंकेड नावाच्या अधिकाऱ्यानं स्थानिक लोकांकडून ऐकून नोंदवलं होतं, पण ते बौद्ध अवशेष म्हणून. त्यानंतर सत्तर वर्षं कुणी फिरकलं नाही. १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर रेल्वेनं प्रवास करत असताना त्यांना डब्यातून हे खडक दिसले. ते उतरले आणि चढून गेले. पुढचं आपल्याला ठाऊक आहे.

वाकणकर, आपले हरिभाऊ. जन्म १९१९ सालचा नीमचचा. आयुष्य उज्जैनला गेलं. मुळात चित्रकार. उज्जैनला त्यांनी भारती कला भवन काढलं, मुलांना चित्रकला शिकवली. माझ्या मते भीमबेटका सापडायला चित्रकाराचाच डोळा हवा होता. खडकावरच्या लाल डागाला दहा माणसं डाग म्हणतील, चित्रकाराला त्यात हरणाच्या पाठीची रेषा दिसते. खांद्यावर पिशवी, कागदाची गुंडाळी, खायला जे मिळेल ते, आणि देशभर डोंगरातून पायी हिंडणं, असं त्यांचं चाललं. हजारो चित्रं त्यांनी हातानं उतरवून घेतली. १९७५ साली पद्मश्री मिळाली, १९८८ साली सिंगापूरला त्यांचं निधन झालं. मराठी घरातल्या या माणसानं माळव्याच्या इतिहासाला काही लाख वर्षांची खोली दिली. इंदूर-उज्जैनच्या मराठी मंडळींनी त्यांचं नाव रोज घ्यावं एवढं ते काम मोठं आहे.

भीमबेटका म्हणजे एक गुहा नव्हे. सात टेकड्या, सातशेच्या वर शैलाश्रय, त्यातल्या चारशेंहून अधिक आश्रयांत चित्रं. २००३ साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून ते नोंदवलं. उत्खनन १९७०च्या दशकात झालं. काही खड्डे हरिभाऊंनी घेतले, काही पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्रांनी. त्यातल्या एका आश्रयावर मी थोडा वेळ थांबणार आहे. त्याला नाव नाही, क्रमांक आहे: तीन एफ तेवीस.

मिश्रांनी तिथे जवळजवळ चार मीटर खोल खणलं. आजच्या दुमजली घराच्या एका मजल्यापेक्षाही जास्त. सगळ्यात खाली हातकुऱ्हाडी, रुंद धारेची कुऱ्हाडीसारखी हत्यारं, तासण्या, सगळं क्वार्टझाइट या कठीण स्थानिक दगडाचं. हे पुराश्मयुगाच्या, म्हणजे जुन्या दगडी युगाच्या, पहिल्या टप्प्याचे थर, आणि चार मीटरांतला अर्ध्याहून अधिक भाग त्यांचाच. तिथे दगडी फरसबंदी केल्यासारख्या जमिनी लागल्या. चपटे दगड बसवून केलेली ओसरीची जमीन, लाखभर वर्षांहूनही जुनी. तयार हत्यारं पुष्कळ, पण ती घडवताना उडणाऱ्या ढलप्या मानानं कमी. म्हणजे हत्यारं बाहेर घडवून आत आणली जात. त्याच्या वर मध्य पुराश्मयुगाचा थर, त्यावर उत्तर पुराश्मयुगाचा, हत्यारं हळूहळू लहान, पातळ होत जाणारी. आणि माथ्यावर मध्याश्मयुग: बोटाच्या पेराएवढी, कधी नखाएवढी दगडी पाती, त्रिकोणी, चंद्रकोरी. ही एकटी वापरायची नव्हेत. लाकडाच्या किंवा हाडाच्या दांड्याला खाच पाडून, डिंकानं चिकटवून, ओळीनं बसवायची, की बाण झाला, विळा झाला, सुरी झाली. एखादं पातं मोडलं तर तेवढंच बदलायचं.

एकाच ओसरीत, एकाच खड्ड्यात, हा सगळा क्रम. मधे मोठा खंड पडल्याची खूण नाही. अशी जागा जगातही फार थोडी आहे. खालच्या थरांत हाडं मात्र उरलेली नाहीत, वालुकाश्माची आम्ल माती ती खाऊन टाकते. त्यामुळे ती हातकुऱ्हाड धरणारा माणूस कसा होता ते भीमबेटका सांगत नाही. त्याची चाहूल लागते ती खाली नर्मदेच्या काठी. १९८२च्या डिसेंबरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना सिहोर जिल्ह्यातल्या हथनोरा गावाजवळ नदीच्या जुन्या गाळात एका कवटीचा अर्धा भाग मिळाला. भारतात मिळालेली इतकी जुनी मानवी कवटी तीच. ती होमो इरेक्टसची की आपल्या जवळच्या एखाद्या पुरातन शाखेची, यावर तज्ज्ञांत एकमत नाही.

इथे सोन नदीचंही सांगतो, कारण ती याच डोंगरातली, कैमूर रांगेच्या पायथ्याची. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रात टोबा नावाचा ज्वालामुखी फुटला. गेल्या वीस लाख वर्षांतला हा सगळ्यात मोठा स्फोट. त्याची राख सोनच्या खोऱ्यात १९८०च्या दशकाच्या आरंभी ओळखली गेली. त्या स्फोटानं जगभर थंडी पडली, माणसं मरून गेली, असा एक सिद्धान्त बरीच वर्षं चालला. सोनकाठच्या ढाबा या ठिकाणचं काम २०२० साली प्रसिद्ध झालं. तिथे सुमारे ८० हजार वर्षांपासूनची हत्यारं आहेत, आणि टोबाच्या आधीची नि नंतरची हत्यारं सारख्याच पद्धतीची आहेत. म्हणजे राख पडली, आकाश काळवंडलं असेल, पण विंध्यातली माणसं टिकली आणि आपलं काम करत राहिली. आपल्या घाटाच्या पायथ्याशी, निमाडातल्या मेहताखेडीला, सूक्ष्मास्त्रं, म्हणजे तशीच बारीक दगडी पाती, सुमारे ४५ हजार वर्षांची ठरली आहेत. इंदूरहून दुपारच्या जेवणाला जाऊन परत येण्याइतकं ते जवळ आहे.

आता चित्रं.

भीमबेटकाची चित्रं यशोधर मठपाल यांनी बसून एकेक उतरवली. १३३ आश्रयांतली सहा हजारांवर चित्रं. त्यांनीही हातानं, रंगानं. रंग मुख्यतः लाल आणि पांढरा, कुठे हिरवा, पिवळा. लाल म्हणजे गेरू, लोहाचं खनिज. त्याचे घासून पैलू पडलेले तुकडे उत्खननात मिळाले आहेत. एकाच भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या चितारत आल्यामुळे चित्रावर चित्र चढलेलं असतं. एका आश्रयात तर अडीचशेवर प्राणी एकमेकांत मिसळले आहेत. तिथले लोक त्याला प्राणिसंग्रहालयच म्हणतात. गवा, सांबर, चितळ, बारशिंगा, रानडुक्कर, हत्ती, गेंडा. गेंडा आज विंध्यात कुठे? चित्रकारानं तो पाहिलेला आहे, कारण मिर्झापूरकडच्या एका चित्रात त्याच्या शिकारीचा सगळा प्रसंगच आहे. काही जनावरांच्या पोटात गर्भ दाखवला आहे. शिकाऱ्याला जनावर आतून ठाऊक असतं, आणि त्यानं जे ठाऊक ते काढलं.

पण मला शिकारीपेक्षा इतर चित्रं जास्त बोलकी वाटतात. बाया टोपल्या घेऊन चालल्या आहेत. कुणी वाटतंय. हातात हात घालून ओळीनं नाचणारी माणसं आहेत. पचमढीच्या डोंगरात, म्हणजे सातपुड्याच्या महादेव टेकड्यांत, पण तेही याच दुनियेतलं, मध काढण्याची चित्रं आहेत: शिडीवर माणूस, भोवती उडणाऱ्या माशांचे ठिपके. मध म्हटल्यावर एक अलीकडची हकीकत सांगतो. २०२१ साली भीमबेटकाच्या मोठ्या सभागृहासारख्या गुहेच्या छतावर पन्नास कोटी वर्षांहून जुन्या डिकिन्सोनिया या जीवाचा ठसा सापडल्याची बातमी जगभर गाजली. दोन वर्षांत दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तपासून दाखवलं की तो आग्या मोहोळाचा उरलेला माग आहे. काहींना निराशा वाटली. मला मात्र वाटलं की छतावर आजही तीच मोहळं लागतात, ज्यांच्यासाठी त्या माणसांनी शिड्या लावल्या, आणि हे कळणं काही कमी नाही.

चित्रांचं वय काय, हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. खडकावरच्या गेरूचं वय थेट मोजता येत नाही, कारण त्यात कार्बन नसतो. हरिभाऊ हिरव्या चित्रांना उत्तर पुराश्मयुगात नेत. सगळ्यांना ते मान्य नाही. बहुतेकांच्या मते मोठा भाग मध्याश्मयुगातला, गेल्या दहा हजार वर्षांतला. त्याच्याही आधीचं काही आहे का? त्या सभागृह-गुहेतल्या खडकावर आणि भानपुऱ्याजवळच्या दराकी चट्टान गुहेत दगडावर ठोकून केलेले वाटीसारखे खळगे आहेत, दराकी चट्टानला पाचशेच्या वर. काही अभ्यासक त्यांना जगातल्या सर्वांत जुन्या कलेत गणतात. वाद चालू आहे, आणि तो वाद असाच जोरात चालावा असं मला वाटतं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. इसवीसनापूर्वी २४००च्या सुमाराला माळव्याच्या काळ्या मातीवर पहिली गावं वसली. उज्जैनहून २५ किलोमीटरवर छोट्या कालीसिंधच्या काठी कायथा. हेही हरिभाऊंनीच १९६४ साली शोधलं. १९६५-६६ला त्यांनी आणि १९६८ला मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी तिथे खणलं. साच्यात ओतलेल्या तांब्याच्या कुऱ्हाडी, मडक्यात जपून ठेवलेल्या तांब्याच्या २८ बांगड्या, अकीकाच्या मण्यांच्या माळा, आणि एका भांड्यात शंखजिऱ्याचे मोहरीएवढे हजारो मणी. मग खाली नर्मदेवर, महेश्वरच्या समोर, नावडाटोली. हसमुख सांकळिया, शां. भा. देव आणि बडोद्याचे सुब्बाराव यांनी १९५०च्या दशकात तिथे केलेलं काम भारतीय पुरातत्त्वात आदर्श मानलं जातं. कुडाच्या भिंती, गोल आणि चौकोनी घरं, पहिल्यांदा गहू, मग तांदूळ, मसूर, मूग, उडीद, वाटाणा, अळशी. तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगात काढलेली शेकडो तऱ्हेची नक्षी, त्यात हातात हात घालून नाचणारी माणसंही. इंदूर शहराच्या पोटातही, आझादनगरला, याच काळाचं टेकाड आहे. त्या बाजूला राहणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

एक गोष्ट ओघात सांगतो, कारण आपण मराठी माणसं इथे बसलो आहोत. नावडाटोलीसारख्या गावांच्या या संस्कृतीला माळवा संस्कृती म्हणतात. तिचे शेतकरी इसवीसनापूर्वी १६००च्या सुमारास दक्षिणेला उतरले. भीमेच्या खोऱ्यात इनामगावला जी वस्ती निघाली तिचे सगळ्यात खालचे थर त्यांचे. आपले पूर्वज भीमा-नीरेकडून माळव्यात आले म्हणून आपण सांगतो. साडेतीन हजार वर्षांपूर्वी हीच वाट उलट्या दिशेनं चालली होती.

तर पठारावर गहू पिकत होता, तांबं ओतलं जात होतं. त्या वेळी पूर्वेच्या डोंगरात काय चाललं होतं? आपली शिडी म्हणते, तिथले शिकारी खाली उतरून शेतकरी झाले असणार, आश्रय रिकामे पडले असणार. प्रत्यक्षात तसं झालेलं नाही. भीमबेटकाच्या मध्याश्मयुगीन थरांत, तीच सूक्ष्मास्त्रं चालू असताना, वरच्या भागात माळव्याच्या रंगीत मडक्यांची खापरं येऊ लागतात. हत्यारांची जात बदलत नाही, राहणी बदलत नाही, फक्त त्या राहणीत पठारावरचं मडकं येतं. भिंतींवरही तेच. हरिभाऊंनी दाखवून दिलं की काही चित्रांतली चौकटी-जाळीची भौमितिक नक्षी माळव्याच्या भांड्यांवरच्या नक्षीसारखी आहे. म्हणजे भांडं नुसतं हातात आलं असं नाही, ते कुणीतरी निरखून पाहिलं, आवडलं, आणि खडकावर उतरवलं.

मडकं फुकट येत नाही. त्याच्या बदल्यात काय गेलं असेल? मध, मेण, कातडी, शिंगं, मांस, औषधी मुळ्या, लाकूड. यातलं जवळजवळ काहीच मातीत टिकत नाही, म्हणून उत्खननात हिशेबाची एकच बाजू दिसते. पुरातत्त्वाची ही मोठी अडचण आहे. शेतकऱ्याच्या वस्तू पक्क्या, भाजलेल्या, धातूच्या. शिकाऱ्याच्या वस्तू कुजणाऱ्या. मग पुस्तकात एक श्रीमंत दिसतो आणि दुसरा दरिद्री. पण नावडाटोलीत गुरांच्या हाडांबरोबर हरणांची हाडंही आहेत, आणि नर्मदापुरमजवळच्या आदमगडला, जिथे रा. वि. जोशी आणि म. द. खरे यांनी १९६०-६१ला खणलं, सांबर, चितळ, साळिंदर, ससा, घोरपड यांच्याबरोबर गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या, कुत्रा यांचीही हाडं मिळाली. तिथल्या शिंपल्यांचं वय इसवीसनापूर्वी साडेपाच हजारांच्या आसपास आलं. ती जनावरं खरोखर तेवढी जुनी आणि पाळीव होती का यावर नंतर शंका घेतल्या गेल्या. तरी शिकारी एकीकडे आणि पाळणारा दुसरीकडे अशी रेघ इथे सरळ ओढता येत नाही, एवढं नक्की.

आणि डोंगरातल्या माणसानं शेती का धरली नाही? मला वाटतं, त्याला गरज वाटली नाही. विंध्याच्या उतारावर साग-पळसाचं जंगल, मोह, तेंदू, चारोळी, आवळा, कंद, झऱ्यांना बारमाही पाणी, भरपूर जनावर. पातळ, दगडाळ माती. इथे नांगर धरणं हाच वेडेपणा ठरला असता. काळ्या मातीवर शेती शहाणपणाची, वालुकाश्मावर रान शहाणपणाचं. दोघांनीही आपापली जमीन ओळखली होती. सूक्ष्मास्त्रं या डोंगरात इतिहासकाळाच्या उंबरठ्यापर्यंत चालू राहिली. पुढे तेच आश्रय घोडेस्वारांची, तलवारींची, मिरवणुकीतल्या हत्तींची चित्रंही पाहतात. हे स्वार डोंगरातल्या चित्रकारानं पाहिलेले पठारावरचे लोक आहेत. एकदा त्या नजरेनं ती चित्रं बघा. तिथे आपलीच चित्रं काढलेली आहेत.

शेवटी सोनकाठच्या बाघोरबद्दल. सिधी जिल्ह्यात १९८०च्या सुमारास अलाहाबाद विद्यापीठाचे गो. रा. शर्मा आणि बर्कलीचे डेस्मंड क्लार्क यांच्या चमूनं उत्तर पुराश्मयुगाच्या अखेरची, सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वीची वस्ती खणली. तिथे दगडगोट्यांचा एक लहान गोल ओटा लागला, आणि त्याच्या मधोमध एका दगडाचे तुकडे. जुळवल्यावर सुमारे १५ सेंटिमीटर उंचीचा त्रिकोणी दगड झाला, आणि त्याच्यावर निसर्गतःच एकात एक त्रिकोणांचे तांबडे-पिवळे पट्टे. खणणाऱ्यांना काही उमगेना. कामावर असलेल्या कोल आणि बैगा लोकांनी लगेच ओळखलं: ही तर माई. असेच पट्ट्यांचे त्रिकोणी दगड आजही त्या भागात कैमूरच्या कड्यावरून आणून ओट्यावर ठेवतात आणि देवी म्हणून पुजतात.

यावरून अकरा हजार वर्षं तोच धर्म अखंड चालू आहे, असं कुणी म्हणू लागलं तर मी हात आखडता घेईन. मधल्या काळाचा दुवा आपल्या हाती नाही. आणि कोल, बैगा, गोंड, कोरकू, आपल्या झाबुआचे भिल्ल, हे अश्मयुगातून उरलेले नमुने नाहीत. ती आजची माणसं आहेत, त्यांचाही इतिहास आपल्याइतकाच लांब आणि बदलता आहे. झाबुआत पिठोरा या विधीचित्रात भिंतीवर घोडे रंगवतात ते काही भीमबेटकाची नक्कल म्हणून नव्हे. पण बाघोरला एक गोष्ट घडली जी मला मोलाची वाटते. विद्यापीठांच्या तज्ज्ञांना जे वाचता आलं नाही ते डोंगरातल्या मजुरांनी वाचलं, आणि खणणाऱ्यांनी ते ऐकून प्रसिद्ध लेखात लिहिलं. आपल्याकडच्या किती अहवालांत टोपल्या वाहणाऱ्या माणसांचं म्हणणं आलेलं असतं?

ज्यांना हे पाहायचंय त्यांच्यासाठी थोडं. भीमबेटका भोपाळच्या पुढे ४५ किलोमीटर, ओबेदुल्लागंजच्या वर. पाहणाऱ्यांसाठी पंधराच्या आसपास आश्रय मोकळे आहेत, पाऊलवाट आखलेली आहे. पहिल्या मोठ्या गुहेत छत बघण्याआधी खालच्या खडकावरचे खळगे बघा, ते सुटतात. शेवटच्या आश्रयात प्रचंड रानडुकराच्या तोंडचं, शिंगं असलेलं जनावर एका माणसाच्या मागे लागलेलं आहे, तिथे वेळ राखून ठेवा. पूर्वी रंग उठून दिसावा म्हणून लोक चित्रांवर पाणी मारत. त्यानं दगडातले क्षार वर येऊन चित्रावर पांढरं साचतं, म्हणून कुणी गाइड तसं करू लागला तर थांबवा. जाताना उज्जैनवरून जाणार असाल तर मक्सीच्या रस्त्यावर कायथा लागतं. जुन्या वस्तीच्या पांढरीच्या टेकाडावर आजही गाव आहे, कडेच्या घळीत तांबडी-तपकिरी खापरं दिसतात. उचलू नका, पण वाकून नक्षी नीट पाहून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी भीमबेटकाच्या भिंतीवर तीच नक्षी शोधा.